वाघ्या घेवड्याचं झणझणीत डिप घरी करताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

या पाकिटातला वाघ्या घेवडा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्याचा आहे. फिकट गुलाबी दाण्यावर लाल पट्टे असतात, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे त्याची आमटी किंवा उसळ होते. हा घेवडा, उत्तरेतला राजमा आणि मेक्सिकोतला पट्टेरी पिंटो यांची जात मात्र एकच, आणि तिचं मूळ अमेरिका खंडात आहे. त्यामुळे मेक्सिकोच्या 'फ्रिहोलेस रेफ्रितोस'सारखं, म्हणजे शिजवून, चेचून, तेलात परतलेल्या घेवड्यासारखं डिप वाघ्याचं उत्तम होतं. 'रेफ्रितोस' म्हणजे दोनदा तळलेले असा समज आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'चांगले परतलेले' असा होतो. ते चांगलं परतणं खालच्या कृतीतही सोडू नका.

डिप बिघडतं ते बहुतेक वेळा शिजवण्यात, मसाल्यात नव्हे. म्हणून या पत्रकाचा निम्मा भाग भिजवण्या-शिजवण्यावरच आहे.

किती काय घ्यायचं

सहा ते आठ माणसांना पुरेल एवढ्या डिपसाठी २०० ग्रॅम घेवडा, तीन मोठे चमचे तेल, मध्यम आकाराचा एक कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या, चार ब्याडगी आणि दोन संकेश्वरी मिरच्या, एक छोटा चमचा जिरं, चिमूटभर ओवा, चिमूटभर हिंग, एक लिंबू आणि मीठ. मेक्सिकोत या पदार्थात त्यांचा ओरेगॅनो पडतो. त्याच्या आणि ओव्याच्या वासात थायमॉल हे समान द्रव्य असल्यामुळे ओवा इथे परका वाटत नाही. पण चिमूटभरच घ्या. जास्त झाला की पोटदुखीच्या औषधासारखी चव येते.

भिजवणं

घेवडा निवडून, दोन पाण्यांतून धुऊन, ८०० मिलिलिटर पाण्यात दोन छोटे चमचे मीठ विरघळवून त्यात आठ ते दहा तास भिजवा. मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपण ऐकत आलो आहोत, पण भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातल्याने उलटच होतं. सालातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा काही प्रमाणात सोडियम घेतं आणि साल मऊ पडतं. डिपमध्ये ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण चेचल्यावर जिभेला खरखर लागते ती बहुधा सालाचीच.

भिजलेला दाणा दुपटीहून जड होतो. मधोमध फोडून पाहा: आतून सगळीकडे एकसारखा रंग दिसला पाहिजे, मध्ये पांढरा कोरडा ठिपका नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात दहा तासांवर बाहेर ठेवू नका. पाण्याला बुडबुडे आणि आंबूस वास येतो. रात्री उशिरा भिजवणार असाल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, तिथे चौदा तासही चालतात.

भिजवलेलं पाणी ओतून द्या. पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचा काही भाग त्याबरोबर जातो, आणि मीठही.

शिजवणं, आणि एक इशारा

कच्च्या घेवड्यात आणि राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त. चार-पाच कच्चे दाणेही पोटात गेले तर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या सुरू होऊ शकतात. कडकडीत उकळीने ते नष्ट होतं, नुसत्या गरम पाण्याने नाही. ८० अंशांच्या आसपास तापलेल्या अर्धवट शिजलेल्या दाण्यात तर त्याचा त्रास कच्च्याहून वाढू शकतो. म्हणून मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, भिजवलेला घेवडा थेट घालू नका. पातेल्यात शिजवणार असाल तर ताजं पाणी घालून आधी किमान दहा मिनिटं, हवं तर अर्धा तास, खळखळ उकळू द्या, मग आच कमी करा.

प्रेशर कुकरमध्ये ही भीती राहत नाही, कारण आतलं तापमान शंभरच्या बरंच वर जातं. घेवड्यात ६०० मिलिलिटर ताजं पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ आणि एक चमचा तेल घाला. तेलाने फेस कमी येतो. कडधान्य आणि पाणी मिळून कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. फेस वर येऊन शिट्टीची वाट बुजते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून वीस मिनिटं ठेवा. जुना माल असेल तर तीस. वाफ आपोआप जिरू द्या.

आता पाच दाणे वेगवेगळ्या जागचे काढून अंगठा आणि बोटात दाबा. एक दाणा पाहून भागत नाही, कारण एकाच कुकरात मऊ आणि टणक दोन्ही सापडतात. पाचही दाणे लोण्यासारखे दबले, मधे कण लागला नाही, तरच पुढे जा. शंका असेल तर आणखी दहा मिनिटं शिजवा. उसळीला दाणा अख्खा राहावा लागतो, डिपला नाही. इथे जास्त शिजलेलं चालतं, कमी शिजलेलं मुळीच नाही. पट्टे नाहीसे होऊन सगळं तपकिरी-गुलाबी दिसेल. रंग पाण्यात उतरतो, त्यात काही वावगं नाही.

दाणा शिजतच नसेल तर कारण या तिघांपैकी एक असतं. माल जुना आणि दमट, उबदार जागी ठेवलेला. अशा दाण्याचं साल आणि आतला गर दोन्ही निबर होतात. किंवा बोअरचं जड पाणी. अशा वेळी शिजवायला फिल्टरचं पाणी वापरा, किंवा सोडा घाला, पण पाव छोट्या चमच्याच्याही निम्मा. जास्त सोड्याने साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. तिसरं कारण म्हणजे आंबट. टोमॅटो, चिंच, लिंबू यांतलं काहीही घेवडा पूर्ण शिजण्याआधी घालू नका. महाबळेश्वर-पाचगणीला पातेल्यात शिजवत असाल तर खूप जास्त वेळ धरा. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

घेवडा निथळून घ्या, पण पाणी टाकू नका. त्यात उतरलेल्या पिठूळपणानेच डिप मिळून येतं.

मिरची

ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी. मेक्सिकोत जी खमंग धुरकट चव असते ती पिकलेल्या, धुरावर वाळवलेल्या हालापेन्योची, म्हणजे चिपोत्लेची. ती मिळाली तर संकेश्वरीऐवजी दोन घ्या. नाही मिळाली तर तयार डिपमध्ये वाटी ठेवून त्यात निखारा, वर चार थेंब तेल, आणि तीन मिनिटं झाकण. जास्त वेळ ठेवलं तर धूर कडू लागतो.

मिरच्यांचे देठ आणि बिया काढा. तिखटपणा बियांत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या फिकट शिरांत असतो. कमी तिखट हवं असेल तर शिरा खरवडून काढा. कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस सेकंद, वास सुटेपर्यंतच भाजा. काळा डाग पडलेली मिरची टाकून द्या. जळक्या मिरचीचा कडूपणा साखरेने वा लिंबाने झाकला जात नाही. भाजलेल्या मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून लसणाबरोबर गुळगुळीत वाटा.

परतणं आणि चेचणं

जाड बुडाच्या कढईत तेल तापवा, हिंग घाला, बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर सोनेरी होईपर्यंत, सहा-सात मिनिटं परता. भाजून कुटलेलं जिरं आणि ओवा घाला, लगेच मिरचीचं वाटण. तेल सुटेपर्यंत परता, नाहीतर कच्च्या लसणाचा वास शेवटपर्यंत राहतो. मग घेवडा आणि राखलेलं १५० मिलिलिटर पाणी घालून पावभाजीच्या मॅशरने कढईतच चेचा. चेचता चेचता परतलं जातं, आणि काही दाणे अर्धवट राहिले तर खाताना बरं लागतं.

मिक्सर वापरायचाच असेल तर घेवडा कोमट होऊ द्या (गरम वाटलं तर वाफेने झाकण उडतं) आणि थांबत थांबत चार-पाच वेळा फिरवा. सलग फिरवलं की पिष्ट सुटून डिप खळीसारखं चिकट होतं, आणि ते परत सुधारत नाही.

मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं ढवळत राहा. कढईच्या तळावर उलथनं ओढल्यावर पडलेली वाट दोन सेकंदांत भरून आली की उतरवा. या वेळी ते तुम्हाला पातळ वाटेल. ते बरोबर आहे. गार झाल्यावर ते बरंच आळतं. कढईतच हवं तितकं घट्ट केलं तर ताटात त्याचा गोळा होतो. आळून आलंच तर गरम पाणी एकेक चमचा घालून फेटा.

लिंबू आणि उरलेलं मीठ, साधारण अर्धा छोटा चमचा, आच बंद केल्यावर. मीठ-तिखटाची शेवटची चव डिप कोमट झाल्यावरच घ्या, कढत असताना अंदाज चुकतो. फार तिखट झालं तर पाणी घालू नका, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. गार झाल्यावर दोन-तीन चमचे चक्का मिसळा. टोमॅटो हवा असेल तर बिया काढून, बारीक चिरून, वाढताना वरून. आत मिसळला की पाणी सुटतं.

मेक्सिकोत याच्याबरोबर मक्याच्या टॉर्टियाचे तळलेले तुकडे असतात. आपल्या ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे त्या जागी अगदी चपखल बसतात.

परदेशात वाघ्या मिळत नसेल तर पिंटो घ्या. डब्यातला शिजवलेला पिंटो वापरायचा तर ४०० ग्रॅमचे दोन डबे निथळून घ्या. डब्यातल्या पाण्यात मीठ असतं, तेव्हा आपलं मीठ शेवटी, चव पाहूनच घाला.

ठेवणं

तयार डिप दोन तासांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. उथळ डब्यात पसरून ठेवलं तर लवकर गार होतं. तीन दिवसांत संपवा. वर तेलाचा थर देऊन लोणच्यासारखं बाटलीत भरून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे: यात आंबटपणा लोणच्याइतका नसतो आणि तेलाखाली हवा पोचत नाही, अशा ठिकाणी बोट्युलिझमचे जंतू वास किंवा बुरशी न दिसताही विष तयार करू शकतात.

फ्रीझरमध्ये दोन महिने चांगलं राहतं, मात्र चक्का न घातलेलंच ठेवा. काढल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये सुटू द्या, मग दोन चमचे पाणी घालून कढईत वाफ येईपर्यंत गरम करा. थिजल्यावर लिंबाची चव मंदावते. अर्धं लिंबू ताजं पिळा.