‘खून करू नको’ आणि ‘जीव घेऊ नको’

‘जीव घेऊ नको’ असं देवानंच सांगितलं असेल, तर त्याच ग्रंथात देहदंड कसा? बायबलातल्या दहा आज्ञांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. पण आज्ञेत ‘जीव घेऊ नको’ असं नाहीच. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात हिब्रू धातू ‘रात्साख’ आहे आणि मराठी बायबलात तिथं ‘खून’ हा शब्द आहे. कोर्टानं दिलेल्या फाशीला आपणही खून म्हणत नाही. शिवाय पुढच्याच अध्यायात खुन्याला देहदंड सांगितलेला आहे.

बरेच जण इथंच थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. बायबलातल्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या 35व्या अध्यायात हाच धातू चुकून हातून माणूस मेला तिथंही येतो आणि साक्षी ऐकून खुन्याला मारण्यासाठीही येतो. नुसत्या शब्दार्थानं हा पेच सुटत नाही.

गल्लत खरी होते ती ‘जीव पवित्र आहे’ आणि ‘जीव कधीच घेता येणार नाही’ या दोन विधानांत. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात म्हटलंय की, जो माणसाचं रक्त सांडेल त्याचं रक्त माणसाकडून सांडलं जाईल, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे. इथं पावित्र्य हेच देहदंडाचं कारण आहे. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायची नाही, असंही गणनेत बजावलंय. गेलेल्या माणसाची किंमत पैशांत होत नाही.

पण आरोपीही त्याच प्रतिरूपातला. ‘जो एक जीव नष्ट करतो त्यानं जणू सगळं जग नष्ट केलं’ हे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथातलं वचन मूळ ठिकाणी वाचलं तेव्हा मी हललो. ते देहदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना दिलेल्या ताकिदीत आहे! इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या या ग्रंथात अशा खटल्याला 23 न्यायाधीश लागतात. सुटकेला एका मताचं आधिक्य पुरतं, शिक्षेला दोन मतांचं लागतं. सुटकेचा निकाल त्याच दिवशी देता येतो, शिक्षेचा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवायचा. आरोपीला वधस्थळी नेत असताना न्यायालयाच्या दाराशी एक माणूस कापड घेऊन उभा राहतो, दूरवर एक घोडेस्वार. कोणी म्हणालं, ‘त्याच्या बाजूनं मला काही सांगायचंय’, की कापड हलवायचं आणि स्वारानं धावत जाऊन शिक्षा थांबवायची.

सात वर्षांत एकाला मारणाऱ्या न्यायसभेला मिश्ना ‘विनाशकारी’ म्हणतो. त्यातले एक धर्मगुरू एलाझार बेन अझर्या म्हणतात, सत्तर वर्षांत एकाला. तार्फोन आणि अकिवा हे धर्मगुरू म्हणतात, आम्ही तिथं असतो तर कोणीच कधी मारला गेला नसता. त्यावर शिमोन बेन गमलिएल यांचा आक्षेप: अशानं इस्राएलात खुनी वाढले असते.

माझं मन अकिवांकडे जातं. तरी शिमोन यांना निष्ठुर म्हणवत नाही, कारण तेही कुणाचा तरी जीव वाचवण्याबद्दलच बोलतायत.

आधुनिक इस्रायलनं 1954 मध्ये खुनासाठीची फाशी रद्द केली. 1962 मध्ये नाझी अधिकारी आइकमनला फाशी झाली ती नाझी गुन्ह्यांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली. ती देऊ नये म्हणून ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर पंतप्रधान बेन-गुरियन यांना भेटले होते.