बैठक संचालन

बैठक संचालन : कामाच्या ठिकाणी बोलावलेल्या बैठकीची आखणी करणे, तीमधली चर्चा वेळेत निर्णयापर्यंत नेणे आणि तो निर्णय अमलात येईल अशी नोंद ठेवणे, या तिन्हींचे कौशल्य. बैठक चालवणारा पदाने वरिष्ठ असण्याची गरज नाही. किंबहुना नसलेलाच बरा. कंपनीच्या संचालक मंडळाच्या सभांना कंपनी कायदा, २०१३ चे नियम लागू असतात (सात दिवसांची नोटीस, ३० दिवसांत इतिवृत्त). इथे विचार आहे तो रोजच्या कामकाजाच्या मीटिंगांचा.

सभेचे नियम शिस्तीत बांधण्याचे नावाजलेले काम अमेरिकी सैन्यातील अधिकारी हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये केले. बरोबर शंभर वर्षांनी मायकेल डॉयल आणि डेव्हिड स्ट्राउस यांनी कचेरीतल्या बैठकीसाठी भूमिकांची वाटणी सुचवली : चर्चा हाताळणारा वेगळा, नोंद घेणारा वेगळा आणि निर्णयाचा अधिकार असलेला वेगळा. पुण्यात आजही बहुतेक ठिकाणी ही तिन्ही कामे ‘साहेब’ एकटेच करतात, आणि बैठका फसण्याचे मूळ बव्हंशी तिथेच असते.

आखणी : विषयपत्रिकेत नुसता ‘कास्टिंग रिजेक्शन’ (ओतीव भाग नापास होणे) असा शब्द टाकला, की चर्चेला शेंडाबुडखा राहत नाही. ‘कास्टिंगची तपासणी पुरवठादाराकडे करायची की आपल्या इनवर्डला (माल आत घेतो तिथे), हे ठरवणे, २० मिनिटे, मांडणार गुणवत्ता विभाग’ असे लिहिले, तर येणारा तयारीने येतो. तासाभरात निर्णयाचे दोनच विषय नीट होतात. अवघड विषय आधी घ्यावा आणि शेवटची दहा मिनिटे निर्णय वाचून दाखवण्यासाठी राखावीत. ज्याला ठरवायचे आहे, ज्याच्याकडे माहिती आहे आणि ज्याला काम करायचे आहे, तेवढ्यांनाच बोलवावे. आठ जणांचा एक तास म्हणजे एका माणसाची अख्खी पाळी. आदल्या दिवशी पाठवलेले टिपण निम्मे लोक वाचत नाहीत, हे गृहीत धरून पहिली पाच मिनिटे सर्वांनी ते शांतपणे वाचण्यासाठी द्यावीत.

चर्चा हाताळणे : सर्वांत वरिष्ठाने शेवटी बोलावे. नग का बिघडतात या चर्चेत प्लँटप्रमुख सुरुवातीलाच ‘मला वाटतं टूल बदलावं’ म्हणाले, की बाकीचे री ओढतात. कूलंटचा (टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) दाब कमी पडतोय हे ज्याला ठाऊक आहे तो ऑपरेटर मूग गिळून बसतो आणि खरे कारण नंतर चहाच्या टपरीवर सांगतो. त्यावर उपाय म्हणजे आधी प्रत्येकाने पाच मिनिटे न बोलता चिठ्ठीवर कारणे लिहायची आणि मग एकेकाने एकेक वाचायचे. आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा हाच गाभा. गटाने मोठ्याने कल्पना सुचवण्यापेक्षा तेवढ्याच माणसांनी वेगवेगळे बसून लिहिल्यास जास्त कल्पना निघतात आणि याचे मुख्य कारण म्हणजे आपल्या पाळीची वाट पाहणे, हे मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये प्रयोगांनी दाखवले.

‘कुणाला काही शंका?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘यात घोडं कुठे अडेल? आधी स्टोअर्सने सांगा,’ असे विचारून मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहिले, की बहुधा कोणीतरी बोलते. चर्चेला फाटे फुटले, तर तो मुद्दा फळ्याच्या कोपऱ्यात ‘पार्किंग लॉट’मध्ये लिहावा, मात्र त्यापुढे नाव आणि तारीख नसेल, तर त्या कोपऱ्याची अडगळीची खोली होते. निर्णय बैठक घेणार आहे की सगळ्यांचे ऐकून साहेब घेणार आहेत, हे सुरुवातीलाच सांगावे. आधी मते मागून नंतर ठरलेलेच जाहीर केले, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

क्षुल्लक विषयाला जास्त वेळ जातो, हे नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका उदाहरणाने सांगितले : समिती अणुभट्टी चुटकीसरशी मंजूर करते आणि सायकलच्या शेडवर घोळ घालत बसते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्याला ते पटायला हरकत नाही. इथे हा मान आता दुचाकी पार्किंगला आणि कँटीनच्या मेन्यूला मिळतो.

कारखान्यातील फलकाजवळची बैठक : पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यात पाळी सुरू होताना कामाची स्थिती दाखवणाऱ्या फलकासमोर उभ्याने दहा-पंधरा मिनिटांची बैठक होते. क्रम सहसा सुरक्षा, गुणवत्ता, डिलिव्हरी, खर्च, मनोबल असा. लाल खुणांवरच, म्हणजे जिथे काम ठरल्याप्रमाणे झालेले नाही तेवढ्यावरच, बोलायचे. उपाय तिथे शोधायचा नाही, संबंधित दोघे-तिघे मागे थांबतात. एखाद्या सुपरवायझरला लाल खुणेबद्दल एकदा चारचौघांत बोलणी बसली, की दुसऱ्या दिवसापासून फलक हिरवागार होतो आणि बैठक निरुपयोगी ठरते. त्यामुळे लाल खूण पाहून पहिला प्रश्न ‘काय मदत हवी?’ हाच असावा. स्लाइड इंग्रजीत, चर्चा मराठीत आणि कंत्राटी कामगार हिंदीभाषक, अशी सरमिसळ असल्यास निर्णय मराठी आणि हिंदी दोन्हींत बोलून दाखवावा. तारखा ठरवताना गुरुवार पाहावा : इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते, तर हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांची शनिवार-रविवारी.

परदेशी सहकाऱ्यांबरोबरची बैठक : न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात उन्हाळी वेळेनुसार संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, युरोप मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या काळात, म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा, न्यूयॉर्कच्या वेळेला बांधलेली हीच बैठक जर्मनीतल्या स्टुटगार्टकरांना दुपारी तीनऐवजी दोनला येते. निमंत्रण कोणत्या शहराच्या वेळेनुसार आहे ते विषयओळीत लिहावे.

नोंद : ‘बघून घेऊ’, ‘व्हेंडरशी बोललोय, होऊन जाईल’ या वाक्यांत करणारा माणूस नाही आणि दिवसही नाही. नोंद अशी हवी : ‘खरेदी विभागाचे अमुक, बुधवारी दुपारी चारपर्यंत ५० नग इनवर्डला, पुरावा मालाचे डिलिव्हरी चलन.’ एका कामापुढे एकच नाव. दोन नावे म्हणजे कोणीच नाही. ज्याच्या नावावर काम आहे त्यानेच ते बैठकीत वाचून दाखवावे, म्हणजे ‘मला तसं कळलं नव्हतं’ ही पळवाट उरत नाही. टिपण त्याच संध्याकाळी पाठवावे. पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटे याच यादीला द्यावीत. दोनदा तारीख पुढे ढकललेले काम तिसऱ्यांदा ढकलू न देता रद्द करावे किंवा दुसऱ्याकडे सोपवावे.