हुकूमशाहीत विकास लवकर होतो? एका वादाची पार्श्वभूमी

राज्यपद्धतींची वर्गवारी फार जुनी आहे. सत्ता एकाच्या हाती, मोजक्यांच्या की अनेकांच्या, हे ॲरिस्टॉटलने पाहिलेच; शिवाय ती सर्वांच्या हितासाठी वापरली जाते की राज्यकर्त्यांच्या, हेही पाहिले. ‘लोकशाहीमुळे विकास रखडतो’ हा आजचा वाद मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. आशिया-आफ्रिकेत डझनावारी देश स्वतंत्र होत होते आणि प्रत्येकाला गरिबीतून बाहेर पडायची घाई होती.

१९५९ मध्ये समाजशास्त्रज्ञ सेमूर मार्टिन लिपसेट यांनी दाखवले, की सुबत्ता असलेल्या देशांत लोकशाही टिकण्याची शक्यता जास्त असते. त्यावरून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला: आधी पैसा, स्वातंत्र्याचे नंतर पाहू. पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीतला दक्षिण कोरिया आणि ली क्वान यू यांचे सिंगापूर ही त्याची नेहमीची उदाहरणे. त्याच काळात आफ्रिकेतल्या झाईरमध्येही (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) एकहाती सत्ताच होती. तांबे, कोबाल्ट, हिरे असलेला हा देश मोबुटू यांच्या राजवटीत (१९६५-९७) कंगाल झाला. उलट १९६६ मध्ये स्वतंत्र झालेला आफ्रिकेतलाच बोट्सवाना तेव्हा अत्यंत गरीब होता. तिथे नियमित निवडणुका झाल्या, हिऱ्यांचे उत्पन्न बरेचसे शाळा-रस्त्यांवर खर्च झाले आणि पुढची काही दशके तो जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत राहिला. (सत्ता २०२४ पर्यंत एकाच पक्षाकडे होती, हेही नोंदवायला हवे.)

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग चीनचा. १९५८ मध्ये माओंनी ‘मोठी झेप’, म्हणजे शेती आणि उद्योगाचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याची मोहीम, जाहीर केली. वरिष्ठांना खूश ठेवण्यासाठी आणि शिक्षेच्या धाकाने स्थानिक अधिकारी धान्याचे फुगवलेले आकडे कळवत गेले. त्या आकड्यांवर सरकारी वसुली ठरली आणि गावांत खायला उरले नाही. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी धोक्याची सूचना दिली, तर त्यांनाच पदावरून हटवले गेले. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. चालत्या लोकशाहीत आणि मोकळ्या वृत्तपत्रांच्या देशात असा दुष्काळ पडत नाही, हा अमर्त्य सेन यांचा निष्कर्ष इथून बळकट झाला. पण रोजच्या कुपोषणावर भारतीय लोकशाहीने तेवढ्या तातडीने हालचाल केली नाही आणि आयुर्मानात चीन पुढे गेला, हेही सेन यांनीच ठामपणे मांडले. माणसे एकदम मेली तर बातमी होते. हळूहळू खंगली तर होत नाही.

१९९० मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास निर्देशांक आला आणि उत्पन्नाबरोबर आयुर्मान व शिक्षणही मोजले जाऊ लागले. २००० मध्ये राज्यशास्त्रज्ञ ॲडम शेव्होर्स्की आणि सहकाऱ्यांनी १९५० ते १९९० मधले शंभराहून अधिक देश तपासले: एकूण वाढीच्या सरासरी वेगात मोठा फरक नाही, पण चमत्कार आणि सर्वनाश दोन्ही हुकूमशाहीतच जास्त. २०१९ च्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार लोकशाहीकडे वळलेल्या देशांचे दरडोई उत्पन्न पंचवीस वर्षांत, एरवी झाले असते त्यापेक्षा, सुमारे २० टक्क्यांनी वाढते.

चीनमध्ये १९७८ नंतरच्या सुधारणांनी कोट्यवधी लोक दारिद्र्यातून बाहेर आले, हे कोणी नाकारत नाही. मात्र त्या काळात नेतृत्व पूर्वीपेक्षा सामूहिक झाले होते आणि १९८२ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षपदावर सलग दोनच कार्यकाळांची मर्यादा घातली होती. ती २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली.