जागं ठेवणाऱ्या सत्तर हजार पेशी

डॉबरमनपुढे त्याच्या आवडीचं खाणं ठेवलं तर तो झडप घालेल ना? अमेरिकेत स्टॅनफर्डला पाळलेल्या काही डॉबरमनचं मात्र भलतंच व्हायचं, खाणं दिसलं की आनंदाच्या भरात मागचे पाय लटपटायचे, मग अख्खा कुत्रा जमिनीवर आडवा, शुद्धीत असूनही हलता येत नाही. जरा वेळाने उठायचा, दोन घास खायचा की परत धप्प.

हा नार्कोलेप्सी आजार. माणसांनाही होतो, दिवसा कितीही ठरवलं तरी झोप आवरत नाही आणि बऱ्याच जणांची तर खळखळून हसलं की मान लुळी पडते, गुडघे दुमडतात. अशा पोरांना वर्गात 'आळशी' म्हणून बोलणी बसतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यांच्या मेंदूत खरोखरच काहीतरी कमी असतं.

काय कमी असतं? ओरेक्सिन. १९९८ मध्ये दोन टीमना हे रसायन वेगवेगळं सापडलं, म्हणून त्याला हायपोक्रेटिन असं दुसरं नावही आहे. आधी वाटलं की हे भुकेचं रसायन, ओरेक्सिन हे नावही भुकेच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. पण १९९९ मध्ये स्टॅनफर्डचे संशोधक एमान्युएल मिन्यो यांच्या टीमला दिसलं की त्या कुत्र्यांमध्ये ओरेक्सिनचा रिसेप्टरच (पेशीवरचा निरोप घेणारा भाग) बिघडलाय, म्हणजे निरोप येतोय पण घ्यायला कोणी नाही. माणसांत उलटं, तिथे रिसेप्टर ठीक असतो पण ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच जवळजवळ सगळ्या मेलेल्या असतात, बहुतेक आपल्याच इम्युनिटीच्या हल्ल्यात.

आणि या पेशी आहेत तरी किती, तर मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज न्यूरॉन्सपैकी जेमतेम ७० हजारांच्या आसपास! सगळ्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागात, पण त्यांचे धागे मेंदूभर पसरलेत आणि हिस्टामिन, नॉरॲड्रेनलिन ही जागं ठेवणारी रसायनं सोडणाऱ्या पेशींना त्या सतत ढोसत असतात, उठ, जागी राहा. (सर्दीची जुनी गोळी घेतली की डोळे मिटायला लागतात ना, ते मेंदूतलं हे हिस्टामिन अडवल्यामुळेच.)

हे कळल्यावर झोपेच्या औषधांचा विचारच बदलला. २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली सुवोरेक्संट ही गोळी अख्ख्या मेंदूला गुंगी देत बसत नाही, ती फक्त ओरेक्सिनचा निरोप अडवते. नार्कोलेप्सीवाल्यांना नेमकं उलटं हवंय, रिसेप्टर चालू करणारी गोळी, आणि तसल्या गोळ्यांच्या पेशंटवर चाचण्याही झाल्यात.