स्मार्ट पिस्तुलावर बंदी? कोणी घातली?

मालकाच्याच हातात चालणाऱ्या स्मार्ट पिस्तुलावर अमेरिकेत बंदी आहे, असं वर्षानुवर्षं ठोकून दिलं जातं. तसा केंद्रीय कायदा कधीच नव्हता. घोळ घातला न्यू जर्सीच्या २००२ च्या कायद्याने: देशात कुठेही असं पिस्तूल विक्रीला आलं, की तीन वर्षांनी त्या राज्यात विकलं जाणारं प्रत्येक नवं पिस्तूल स्मार्टच हवं. म्हणून २०१४ मध्ये मेरीलँडच्या एका दुकानदाराने ‘आयपी१’ हे जर्मन स्मार्ट पिस्तूल विकतो म्हणताच, ही सक्ती लागू होईल या भीतीने त्याला धमक्या आल्या, आणि त्याने माघार घेतली. कायद्याने उलटंच साधलं! २०१९ मध्ये ती अट बदलली.

पण हे कुलूप अभेद्य, हीसुद्धा थापच. सोबतचं मनगटी घड्याळ जवळ असेल तरच झडणारं हेच पिस्तूल २०१७ मध्ये एका हॅकरने शेजारी स्वस्तातली लोहचुंबकं धरून चालवून दाखवलं, घड्याळाशिवाय.