मोंमार्त्रच्या पोटातला खडक

पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर साक्रे-कर चर्चची कोनशिला 1875 मध्ये बसली, आणि मग काम वर चढायच्या ऐवजी खालीच उतरत गेलं. टेकडी आतून पोखरलेली होती. शतकानुशतकं तिथला जिप्समचा दगड काढून भट्टीत भाजला जात होता. 'प्लॅस्टर ऑफ पॅरिस' हे नाव पडलं ते त्यावरूनच. शेवटी 30 मीटरहून खोल अशा 83 विहिरी खणल्या, त्या दगडी बांधकामाने भरल्या आणि चर्चचा भार त्यांच्यावर टाकला. जिप्सम आणि त्यातल्या पोकळ्या ओलांडून थेट खालच्या पक्क्या जमिनीपर्यंत.

हा धसका विनाकारण नव्हता. शहराच्या उत्तर-पूर्वेकडच्या टेकड्यांत जिप्समचा सर्वांत वरचा थर ठिकठिकाणी 15 मीटरहून जाड आहे. खाणवाले त्यात उंचच उंच दालनं कोरायचे आणि छत पेलायला खांब म्हणून तोच दगड मध्ये ठेवायचे. जितका खांब बारीक, तितका माल जास्त. दक्षिणेकडच्या चुनखडीच्या जुन्या खाणी खचू लागल्या म्हणून 1777 मध्ये सरकारने खाणींच्या तपासणीसाठी खास खातं काढलं. पुढच्याच वर्षी, जुलै 1778 मध्ये, मेनिलमोंतां भागात जिप्समची एक खाण बसली आणि वरून चाललेली 7 माणसं गाडली गेली. त्यानंतर अशा कित्येक दालनांचे खांब सुरुंगाने उडवून ती मुद्दाम पाडली गेली. दुरुस्त करण्यापेक्षा पाडणं सुरक्षित वाटावं, इतपतच या दगडावर विश्वास उरला होता.

खांब वर्षानुवर्षं उभा असतो, वरचा भार वाढत नाही, तरी एक दिवस तो बसतो. असं का व्हावं, याचं उत्तर मिळायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

जिप्सम कशाचं बनलंय हे मात्र लवकर कळलं. 1765 मध्ये अवघ्या 21 वर्षांच्या लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे आपला पहिला निबंध वाचला, तो याच दगडावर. जिप्सम तापवलं की पाणी निघून जातं आणि प्लॅस्टर घट्ट होताना तेच पाणी परत घेतं, हे त्याने दाखवून दिलं. आजच्या भाषेत, कॅल्शियम सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन; वजनाने सुमारे 21 टक्के पाणी. म्हणजे हातात घेतलेल्या कोरड्या ठणठणीत दगडाचा पाचवा हिस्सा पाणीच असतो. 1812 मध्ये मोसने खनिजांच्या कठिनतेची 1 ते 10 अशी उतरंड लावली तेव्हा जिप्समला 2 क्रमांक मिळाला. नखाने ओरखडा उठतो, एवढं मऊ.

पण मऊपणा आणि भार पेलायची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. कोष्टकं पाहिली तर जिप्समच्या खडकाचं दाब-सामर्थ्य, म्हणजे चुरडण्याआधी तो किती दाब सोसतो ते, साधारण 10 ते 40 मेगापास्कलच्या (दाब मोजायचं एकक) पट्ट्यात सापडतं. आपल्या घरांच्या स्लॅबला वापरतात त्या एम-20 काँक्रीटचं 20 धरतात. म्हणजे एक जिप्सम स्लॅबच्या निम्म्याने, तर दुसरं दुपटीने. रासायनिक सूत्र दोघांचं एकच. मग फरक कुठून येतो?

मोंमार्त्रच्याच दगडांत उत्तराची सुरुवात आहे. खाणीतला मुख्य दगड साखरेसारख्या बारीक दाण्यांचा, थोडा कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) मिसळलेला. त्याच टेकडीतल्या चुनकट मातीच्या पट्ट्यांत भाल्याच्या पात्यासारखे पिवळसर, पारदर्शक जुळे स्फटिक मिळतात. ते सेलेनाइट, तेही जिप्समच. सेलेनाइटच्या कडेला चाकूचं टोक लावून बघा, अभ्रकासारखा पापुद्रा सुटतो. फरक इतकाच की अभ्रकाचा पापुद्रा वाकवून सोडला तर उसळून सरळ होतो, हा वाकलेलाच राहतो. 1936 मध्ये वूस्टरने क्ष-किरणांनी जिप्समची रचना उलगडली तेव्हा याचं कारण दिसलं. कॅल्शियम आणि सल्फेटचे थर आतून घट्ट बांधलेले असतात, पण दोन थरांच्या मध्ये पाण्याच्या रेणूंची घडी असते आणि तिथली पकड अगदी सैल. दगड फाटतो तो त्या घडीतून.

आता स्फटिक वीतभर लांब असेल तर त्या कमकुवत प्रतलावरून चीर एका दमात आरपार जाते. दाणे बारीक आणि वेड्यावाकड्या दिशांनी बसलेले असतील तर प्रत्येक दाण्याच्या सीमेवर तिला वळावं लागतं, अडखळावं लागतं. 1921 मध्ये ग्रिफिथने काचेवर काम करताना मांडलं होतं की पदार्थ किती ताण सोसेल हे त्यातल्या चिरेच्या लांबीवर ठरतं. खडकात ती लांबी बहुतेक वेळा दाण्याच्या आकाराशी बांधलेली असते. म्हणून ॲलाबास्टर, म्हणजे बारीक दाण्याचं जिप्सम, भरड सेलेनाइटपेक्षा जास्त भार घेतं. सॅटिन स्पार या तंतुमय जिप्समची तर तऱ्हाच निराळी: दाब तंतूंच्या दिशेने दिला की एक आकडा, आडवा दिला की दुसरा. मातीच्या पट्ट्या असतील तर दाण्यांचा हिशोब बाजूलाच राहतो, कारण छत आधी त्या पट्टीतून सुटतं.

रचनेचा हा खेळ महाराष्ट्रात दरवर्षी गणपतीच्या कारखान्यांत चालतो. पीओपी म्हणजे तीन चतुर्थांश पाणी गमावलेलं जिप्सम. पाण्यात कालवलं की ते विरघळतं आणि सुयांसारख्या स्फटिकांच्या रूपात परत बाहेर पडतं. सुया एकमेकींत अडकतात, साचा हाताला कोमट लागतो, मूर्ती धरते. घट्ट होण्याची ही उकल ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1880च्या दशकात केली. रसायनाच्या हिशोबाने किलोभर पीओपीला 186 ग्रॅम पाणी पुरतं. पण तेवढ्यात ते साच्यात ओतता येत नाही, म्हणून तिप्पट-चौपट पाणी घालतात. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवून जातं. मूर्तीचा हात प्रवासात मोडतो त्यात या छिद्रांचा वाटा मोठा असतो. खाणीतल्या दगडालाही तोच नियम: छिद्रं वाढली की ताकद घटते, खनिज कितीही शुद्ध असो.

राहिला प्रश्न त्या खांबांचा. 1940 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्जने ॲलाबास्टरच्या नमुन्यांवर मोडणार नाही इतपत भार ठेवला आणि ते पाण्यात बुडवून नुसती वाट पाहिली. कोरडा नमुना जवळपास जागेवर राहायचा, ओला मात्र दिवसेंदिवस सरकत राहायचा. लिटरभर पाण्यात सुमारे 2.5 ग्रॅम जिप्सम विरघळतं. मिठाच्या मानाने हे काहीच नाही, पण चुनखडीच्या मानाने भरपूर. दाण्यांच्या टोकांवर दाब जास्त तिथे ते विरघळतं, कमी दाबाच्या जागी पुन्हा बसतं, आणि खांब कणाकणाने आकार बदलतो. खाणीतली ओल आणि शंभरेक वर्षं एवढं पुरेसं होतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच, कारण मजबुतीच्या आकड्याला त्याने वेळ जोडून दिली.

जिप्सम खडकाचा घटक नसून नुसता डिंक असतो, तेव्हाही गोष्ट वाईटच होते. कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण 12 मार्च 1928च्या मध्यरात्रीच्या सुमारास फुटलं आणि 400हून अधिक माणसं गेली. धरणाची पश्चिम बाजू ज्या लाल खडकावर टेकली होती, त्याचे गोटे माती आणि जिप्समने जोडलेले होते. चौकशीत त्याचा कोरडा, दिसायला टणक तुकडा ग्लासभर पाण्यात टाकला, तर थोड्या वेळात त्याचा चिखल झाला. पुढच्या अभ्यासकांनी पूर्वेकडचं जुनं भूस्खलन आणि पायाखालचा पाण्याचा दाब यांना जास्त दोष दिला, म्हणून सगळं खापर जिप्समवर फोडणं बरोबर नाही. पण तो ग्लास विसरता येत नाही.

जिप्समचं पाणी पूर्ण काढलं की ॲनहायड्राइट उरतं. ते बरंच कठीण आणि कितीतरी जास्त भार पेलणारं. बदल होत असताना मात्र उलटंच घडतं. 1966 मध्ये हर्ड आणि रुबी यांनी दाबाखाली जिप्सम तापवलं. सुटलेलं पाणी छिद्रांत अडकलं, आतून दाब देऊ लागलं आणि दगडाची ताकद सुमारे दहापटीने घसरली. उलट्या वाटेचा अनुभव जर्मनीतल्या श्टाउफेन गावाने घेतला. 2007 मध्ये नगरभवनाला जमिनीतली उष्णता मिळावी म्हणून तिथे भोकं पाडली. त्यांतून ॲनहायड्राइटच्या थरापर्यंत पाणी पोहोचलं, त्याचं जिप्सम होऊ लागलं. या बदलात आकारमान सुमारे 60 टक्क्यांनी वाढतं. जमीन फुगली आणि जुन्या गावातल्या घरांना तडे गेले.

आपल्याकडच्या प्रयोगशाळेत हे सगळं ओव्हनच्या एका बटणावर येऊन ठेपतं. मातीचा नमुना 105-110 अंशांवर वाळवायची सवय असते. जिप्सम असलेल्या मातीसाठी भारतीय मानक 60 ते 80 अंश सांगतं. सवयीने बटण वर फिरवलं तर नमुन्यातलं स्फटिकातलं पाणीही उडू लागतं, पत्रकावर ओलाव्याचा आकडा फुगलेला दिसतो, आणि ताकद मोजायच्या यंत्राखाली जातं ते जिप्सम राहिलेलं नसतं, अर्धवट भाजलेलं प्लॅस्टर असतं.