गरम पाण्याच्या लाइनचे व्हॉल्व्ह

सोसायटीच्या गच्चीवर सोलरने तापलेले पाणी घरोघरच्या नळांपर्यंत सोडणाऱ्या, अडवणाऱ्या आणि वाटून देणाऱ्या झडपा. ठाणे-नवी मुंबईत त्यांना सरसकट ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात. प्लंबरच्या तोंडी तोच ‘वॉल’ होतो. युरोपात घर उबदार ठेवायला भिंतीलगत रेडिएटर असतात आणि प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह. एकावर 1 ते 5 आकडे असतात, तो खोलीतल्या उष्णतेप्रमाणे आपसूक उघडमीट होतो. दुसरा टोपीखाली झाकलेला. बॉयलरजवळच्या खोल्यांनी सगळे गरम पाणी ओढून घेऊ नये म्हणून तो एकदाच बेताने लावतात. ठाण्यात खोली तापवायची वेळ येत नाही. पण त्या टोपीखालच्या व्हॉल्व्हचे काम इथल्या गच्चीवरही असते, आणि बहुतेक इमारतींत ते कोणी केलेलेच नसते. पावसाळा सोडला तर ‘आमचे सोलर चालत नाही’ या तक्रारीत उन्हाचा दोष क्वचित निघतो.

राज्याच्या 2020च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सोलर वॉटर हीटरची तरतूद आहे, आणि ती या दोन्ही शहरांना लागू आहे. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला साधारण चार युनिट वीज लागते. तेवढे काम ऊन फुकट करते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली उतरते, म्हणून छोट्या यंत्रणेत टाकी काचेच्या नळ्यांच्या किंवा पॅनेलच्या वर बसवतात आणि पंप लागत नाही. त्या टाकीला पाणी मिळते ते तिच्याहून उंचावर असलेल्या थंड पाण्याच्या टाकीतून.

या थंड लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, असतो. त्याची पट्टी कचऱ्याने अडकून उघडी राहिली की गरम पाणी उलटे थंड टाकीकडे सरकते आणि सकाळी दोन्ही नळांना कोमट पाणी येते. तपासायला मीटर लागत नाही. रात्री नऊच्या सुमारास, कुठे पाणी चालू नसताना, एनआरव्हीच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांना हात लावावा. थंड टाकीकडची बाजूही लांबवर हाताला गरम लागली तर पट्टी बसत नाही. गरम टाकीवरचा उभा पाइप, एअर व्हेंट, थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच आणि कायम उघडा असावा लागतो. त्यावर व्हॉल्व्ह बसवायचा नसतो. थेंब गळतात म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग भेटतात. वाफेला आणि हवेला वाट उरली नाही की टाकी फुगते, नाहीतर पाणी उतरताना आत चेपते.

गरम टाकीपासून निघालेल्या मुख्य पाइपाला उभ्या लाइनी जोडलेल्या असतात. त्यांना डाउनटेक म्हणतात. टाकीजवळचा डाउनटेक पाणी आधी ओढतो, टोकाचा उपाशी राहतो. वाटणी करायची तर प्रत्येक डाउनटेकचा व्हॉल्व्ह आधी पूर्ण बंद करून किती फेरे बसले ते मोजावे आणि चाकाशेजारी ऑइल पेंटने लिहावे. मग सगळे उघडून, सकाळच्या गर्दीच्या वेळी, टोकाच्या लाइनीवरच्या घरात गरम पाण्याची बादली किती मिनिटांत भरते ते पाहावे आणि जवळचे व्हॉल्व्ह अर्धा अर्धा फेरा आवळत जावे. एका सकाळी हे जमत नाही, तीन-चार लागतात. गेट व्हॉल्व्ह मात्र या कामाचा नव्हे. तो अर्धवट उघडा ठेवला की आतली पाती थरथरते, आवाज करते आणि बैठक झिजते. पाणी बेताने सोडायला ग्लोब किंवा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह हवा. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो, दांडी पाइपाला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. वॉचमनकाकांना हाच सोयीचा, कारण अंधारातही हाताला कळतो.

उंच इमारतीत आणखी एक अडचण: 25 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 50 मीटर पाइपात सुमारे 25 लिटर पाणी मावते. रात्रभर थंडावलेले एवढे पाणी मोरीत गेल्यावर खालच्या मजल्याला गरम धार लागते. त्यावर उपाय म्हणजे थंडावलेले पाणी पुन्हा गरम टाकीकडे नेणारी परतीची लाइन आणि टायमरवरचा छोटा पंप. परतीच्या लाइनीलाही एनआरव्ही आणि वाटणीचा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर पाणी सगळ्यांत जवळच्या वाटेनेच फिरत राहते.

सगळ्यांत चकवणारा दोष गच्चीवर नसतोच, तो बाथरूममध्ये असतो. पूर्वी बंबातले कढत पाणी बादलीत घेऊन त्यात विसण घालत. आता ते काम मिक्सर करतो. मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून कोणी तोंडाशी, हँड शॉवरच्या बटणाने, पाणी बंद केले, की थंड आणि गरम लाइन आतून जोडल्या जातात. ज्या बाजूला दाब जास्त, तिचे पाणी दुसरीत शिरते. एका घरातल्या अशा मिक्सरमुळे त्या डाउनटेकवरची सगळी घरे कोमट पाण्याने अंघोळ करतात आणि सेक्रेटरी सोलरवाल्याला फोन लावत बसतात. शोधायची रीत सोपी आहे. गच्चीवरून त्या डाउनटेकचा गरम व्हॉल्व्ह बंद करावा आणि सगळ्यांत खालच्या घरात गरम नळ उघडावा. पाइपात साठलेले ओघळून गेल्यावर धार थांबली पाहिजे. थांबत नसेल, तर ते थंड पाणी आहे आणि वरच्या कुठल्यातरी घरातून येते आहे. मग एकेका घरात मिक्सरचा गरम बाजूचा अँगल कॉक बंद करत जावे. ज्या घरात बंद करताच खालची धार आटते, ते घर. दार कोण उघडेल हा वेगळा प्रश्न.

दाबाचा हिशेब इथेच येतो. दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब वाढतो, म्हणजे 20 मजल्यांच्या इमारतीत तळाला 6 बारच्या आसपास. म्हणून मधल्या आणि खालच्या मजल्यांना दाब कमी करणारे पीआरव्ही बसवतात. ते थंड आणि गरम अशा दोन्ही लाइनींवर आणि सारख्याच दाबाला लावलेले हवेत. वरच्या दोन-तीन मजल्यांना उलट दाब कमी पडतो, म्हणून तिथे प्रेशर पंप लावतात, बहुधा फक्त थंड लाइनीला. मग कुठल्यातरी मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत घुसून वर चढते आणि गच्चीवरच्या एअर व्हेंटमधून बाहेर वाहू लागते. खाली पाणीकपात चालू असताना वर हे चाललेले असते.

घोडबंदर रोडवर टँकरवर किंवा बोअरवर भागवणाऱ्या इमारतींत जड पाण्याचे क्षार गरम लाइनीतच आधी धरतात, कारण तापल्यावर चुना खाली बसतो. वर्षभर न हलवलेला व्हॉल्व्ह जाम होतो आणि पाना लावून जोर केला की दांडा तुटतो. महिन्यातून एकदा बंद-चालू करावा. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे आणून ठेवावा. गरम पाण्याला साधा यूपीव्हीसी पाइप चालत नाही, मऊ पडतो, सीपीव्हीसी लागतो.

नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या रो हाउसवर एकट्या कुटुंबाची 100-200 लिटरची यंत्रणा असते, तिथे वाटणीचा प्रश्न येत नाही. तिथली खोड एकच, थंड टाकी सोलरच्या टाकीच्या पातळीला ठेवलेली, आणि उपाय म्हणजे तिच्याखाली लोखंडी स्टँड.

लावलेल्या व्हॉल्व्हची खरी कसोटी नरकचतुर्दशीला लागते. पहाटे पाचला उटणे लावून सगळी इमारत एकदम गरम नळ सोडते, आणि टाकीत असते ते आदल्या दिवशीचे तापलेले पाणी. जुनेजाणते प्लंबर धनत्रयोदशीला गच्चीवर जाऊन फेरे मोजतात. पेंटने लिहिलेला आकडा तोवर पावसाने अर्धा धुऊन गेलेला असतो.